देशोदेशींच्या विषमतेचा अभ्यास: सीमेवर कोण निसटतं ते आधी बघा

प्रश्न समाजशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा आहे. थोडक्यात असा: ‘विषयाचं नाव “सीमापार सामाजिक विषमता” असं नोंदवलंय. जागतिक बँकेच्या संकेतस्थळावरून तीस देशांचे जिनी निर्देशांक (विषमतेचं माप) उतरवून घेतले, त्यांना शिक्षण, शहरीकरण, सरकारी खर्च असे सहा-सात घटक जोडले आणि रिग्रेशन, म्हणजे कुठला घटक विषमतेशी किती जोडलेला आहे ते काढायचं संख्याशास्त्रीय गणित, चालवलं. मार्गदर्शक म्हणतात पुरेसं नाही, पण काय कमी आहे ते सांगत नाहीत. सुरुवात चुकली का? आणि चुकली असेल तर आता कुठून सुरू करू?’

सुरुवात चुकलेली नाही. या विषयात येणारा जवळजवळ प्रत्येक जण याच दारातून आत येतो, मीही आलो. फक्त दारातच बिऱ्हाड थाटू नये. तुमच्या मांडणीत दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेत. इथली विषमता तिथल्यापेक्षा जास्त की कमी, हा एक. सीमेच्या दोन्ही अंगांना पसरलेली, किंबहुना सीमेमुळेच तयार झालेली विषमता कशी पकडायची, हा दुसरा. नाव दुसऱ्या प्रश्नाचं दिलंय आणि काम सगळं पहिल्यावर झालंय. मार्गदर्शकांना बहुधा हेच खटकतंय.

तरी आधी पहिल्याचीच झाडाझडती घेऊ, कारण त्यातही बरंच पाणी मुरतंय.

कोर्राडो जिनी या इटालियन संख्याशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये मांडलेला निर्देशांक ० ते १ मध्ये बसतो (काही जण ० ते १०० लिहितात). सगळ्यांकडे सारखं असेल तर ०, सगळं एकाकडेच असेल तर १. सूत्र सगळीकडे एकच, पण त्यात घातलंय काय, ते देशागणिक बदलतं. लॅटिन अमेरिकेतली बहुतेक सर्वेक्षणं उत्पन्न विचारतात, दक्षिण आशिया आणि आफ्रिकेतली बहुतेक खर्च. खर्च विचारण्यात गैर काही नाही. शेती, फुटकळ मजुरी आणि छोट्या धंद्यावर चालणाऱ्या घरात ‘महिन्याचं उत्पन्न किती’ याचं खरं उत्तर घरच्यांनाही ठाऊक नसतं. पण श्रीमंत माणूस कमाईतला मोठा हिस्सा मागे टाकतो आणि गरीब उसनवारी करून का होईना, खातो. त्यामुळे खर्चाचा जिनी साधारणपणे उत्पन्नाच्या जिनीच्या खालीच येतो.

याचं ठसठशीत उदाहरण २०२५ मधलं आहे. जागतिक बँकेच्या एका टिपणात भारताचा २०२२-२३ चा जिनी २५.५ दिला होता. त्यावरून जुलैमध्ये भारत सरकारच्या पत्रकाने भारत हा जगातला चौथ्या क्रमांकाचा समान देश असल्याचं सांगितलं आणि तुलनेला अमेरिकेचा ४१.८ ठेवला. २५.५ हा खर्चाचा आकडा, ४१.८ हा उत्पन्नाचा. बँकेने त्याच टिपणात, आपल्या आकड्यात विषमता कमी दिसत असण्याची शक्यता आहे, अशी कबुलीही दिली होती. शिवाय वर्ल्ड इनइक्वॅलिटी डेटाबेसप्रमाणे भारतातल्या उत्पन्नाचा जिनी २००४ मध्ये ५२ होता तो २०२३ मध्ये ६२ झाला, हेही तिथेच लिहिलेलं होतं. आता कोणी चिडून ६२ आणि ४१.८ शेजारी ठेवले, तर तेही तितकंच चूक. ६२ हा करनोंदी वगैरे मिसळून काढलेला करापूर्वीच्या उत्पन्नाचा अंदाज आहे, ४१.८ हा घरोघरच्या सर्वेक्षणातला. दोन्ही बाजूंनी एकाच पद्धतीची चूक करता येते आणि दोघांनाही आपण खरं बोलतोय असं वाटतं.

तेव्हा तुमच्या तीस ओळींच्या तक्त्यात आधी एक स्तंभ वाढवा: उत्पन्न की खर्च. दुसरा: कर आणि सरकारी मदत धरण्याआधीचं की नंतरचं. तिसरा: दरडोई भागलेलं की कुटुंबाच्या आकाराप्रमाणे. बँक दरडोई भागते. श्रीमंत देशांची तुलना करणारे बरेच अभ्यासक कुटुंबातल्या माणसांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागतात, म्हणजे चार माणसांच्या घराला एकट्या माणसाच्या दुप्पट लागतं असं धरतात, चौपट नाही. मोठी कुटुंबं जिथे गरिबांमध्ये जास्त, तिथे या एका निवडीनेही चित्र हलतं.

करापूर्वी आणि करानंतर या भानगडीत एक खड्डा आहे, त्यात मी जाणत्या लोकांनाही पडताना पाहिलंय. फ्रान्स, जर्मनी, फिनलंड यांचे करापूर्वीचे जिनी अमेरिकेच्या आसपास जातात आणि कर-मदतीनंतर ०.३ च्या आसपास उतरतात. यावरून ‘बाजार सगळीकडे सारखाच निष्ठुर, फक्त सरकारं वेगळी’ असा निष्कर्ष झटकन निघतो. तो अर्धाच खरा. जिथे म्हातारपण सरकारी पेन्शनवर निघतं, तिथे लाखो निवृत्तांचं ‘बाजारातलं’ उत्पन्न शून्य दिसतं. ते गरीब नसतात. त्यांना वेगळी पुंजी साठवायची गरजच पडलेली नसते. पण करापूर्वीच्या जिनीत ते कफल्लक म्हणून मोजले जातात आणि आकडा फुगतो. स्वीडनच्या संपत्तीचंही तसंच. उत्पन्नाच्या बाबतीत समान देशांत गणला जाणारा स्वीडन संपत्तीच्या जिनीत जगातल्या वरच्या देशांत जाऊन बसतो. वर थोड्या घराण्यांकडे प्रचंड मालमत्ता आहे हे खरंच, पण खाली अनेकांची निव्वळ संपत्ती शून्य किंवा उणे दिसते, त्यामागे पेन्शनचा हक्क संपत्तीत धरत नाहीत हेही कारण आहे. आकडा वाचण्याआधी त्या देशातला माणूस म्हातारपणाची सोय कशी करतो ते विचारा. एवढ्या एका प्रश्नाने माझे कितीतरी निष्कर्ष वेळेवर कचऱ्यात गेलेत.

हे सगळं स्वतः जुळवत बसू नका. लक्झेंबर्ग इन्कम स्टडी १९८३ पासून हेच करते: देशोदेशींची मूळ सर्वेक्षणं घेऊन त्यांतली माहिती एका साच्यात बसवते. घराघराची माहिती तुमच्या हातात देत नाहीत. आपण आर किंवा स्टाटा अशा संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधला कोड पाठवायचा, तो त्यांच्या यंत्रावर चालतो आणि निकाल परत येतो. पहिले चार दिवस वैताग येतो, मग सवय होते.

तुमचा प्रश्न देशांतर्गत जिनीचा असल्याने चलनाचा मुद्दा अजून आलेला नाही, पण वेगवेगळ्या देशांतली माणसं एका रांगेत उभी करायची म्हटलं की तो येतोच. बाजारातल्या विनिमय दराने गरीब देश आहे त्यापेक्षा गरीब दिसतात, कारण केस कापणं, घरकाम, रिक्षाने जाणं अशा सेवा तिथे स्वस्त असतात आणि त्या सीमेपलीकडे विकता येत नाहीत. म्हणून क्रयशक्ती समानतेचे दर (पीपीपी) वापरतात, म्हणजे तेच सामान घ्यायला कुठे किती पैसे लागतात त्यावरून काढलेले दर. ते इंटरनॅशनल कंपॅरिझन प्रोग्राम या किमतींच्या जागतिक पाहणीतून येतात. २००५ च्या फेरीत चीनची अर्थव्यवस्था आधीच्या अंदाजापेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी लहान निघाली. चीनमधल्या किमती ११ शहरांतून गोळा केल्या होत्या, त्या खेड्यांना लावणं बरोबर नव्हतं, असा आक्षेप तेव्हाच आला. पण तोवर व्हायचं ते झालं होतं. जागतिक विषमतेचे अभ्यासक ब्रँको मिलानोविच यांनी नवे दर घालून हिशेब केला तेव्हा साऱ्या जगातल्या माणसांमधला जिनी ६५ वरून ७० वर गेला. कोणाच्या ताटातला घासही कमी-जास्त झाला नव्हता. २०११ च्या फेरीने यातलं बरंच परत फिरवलं. तेव्हा प्रबंधात पीपीपीची फेरी न लिहिता जागतिक विषमतेचा आकडा देऊ नका. परीक्षक शहाणा असेल तर पहिलं बोट तिथेच ठेवील.

पैशांचं एवढं झालं. तुमचा विषय ‘सामाजिक’ विषमता आहे, आणि खरी कसरत तिथे आहे. व्यवसाय, शिक्षण, वंश, जात हे मोजायचे साचे प्रत्येक समाजाने आपल्या भांडणांतून घडवलेले असतात.

माझ्याच हातून घडलेली गोष्ट सांगतो. दोन देशांच्या सर्वेक्षणांतून वर्गरचना काढायची होती. दोन्हींत व्यवसायाला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या इस्को वर्गीकरणाचे सांकेतांक होते, त्यामुळे निर्धास्त होतो. तक्ता निघाला तर गरीब देशात ‘व्यवस्थापक’ श्रीमंत देशापेक्षा जास्त! आणि त्यांतल्या निम्म्यांचं शिक्षण प्राथमिकच्या पुढे नव्हतं. मी यावर ‘उद्योजकतेचा उदय’ असा एक परिच्छेद लिहूनसुद्धा टाकला होता, आता आठवलं की कानकोंडं होतं. एका सहकाऱ्याने मूळ प्रश्नावल्या मागवून घेतल्या. एका सर्वेक्षणात १९८८ ची आवृत्ती वापरली होती. तीत किरकोळ विक्रीचं छोटं दुकान स्वतः चालवणारा माणूस १३१४ या सांकेतांकाखाली, म्हणजे व्यापारातला व्यवस्थापक म्हणून टाकायची वाट मोकळी होती, आणि कोडिंग करणाऱ्यांनी ती सरसकट वापरली होती. २००८ च्या आवृत्तीत दुकानदार ५२२१ मध्ये, विक्री कर्मचाऱ्यांच्या गटात आले. दुसऱ्या सर्वेक्षणात ती आवृत्ती होती. माझे व्यवस्थापक म्हणजे टपरीवाले होते. परिच्छेद काढला, आणि तेव्हापासून कुठलाही डेटा आला की आधी ‘स्वयंरोजगार आणि मदतीला नोकर नाही’ अशांची वेगळी यादी काढून त्यांचे सांकेतांक डोळ्यांखालून घालतो.

शिक्षणाला युनेस्कोचं इस्केड वर्गीकरण आहे. २०११ च्या आवृत्तीत ० ते ८ पातळ्या आहेत. तिथे मुख्य अडचण जर्मन धर्तीच्या व्यवसायशिक्षणाची. आठवड्याचे काही दिवस कारखान्यात आणि काही दिवस शाळेत घालवून तयार झालेला कारागीर कागदावर ‘उच्च माध्यमिक’ ठरतो, पण त्याला तिथे मिळणारी पत आणि पगार दुसऱ्या देशातल्या उच्च माध्यमिक पास माणसाला मिळत नाही. याहून जास्त इथे सांगत नाही.

वंशाचं बघा. ब्राझीलच्या जनगणनेत रंग-वंशाचे पाच पर्याय असतात आणि माणूस स्वतःच निवडतो. २०२२ मध्ये स्वतःला ‘पार्दू’, म्हणजे मिश्रवर्णी, म्हणवणारे ४५.३ टक्के झाले आणि ‘गोरे’ ४३.५ टक्के. एखाद्या कुटुंबात उत्पन्न वाढलं की निवडलेला पर्यायही बदलू शकतो. मग विषमता रंगामुळे की रंगाची नोंद विषमतेमुळे? उलट फ्रान्समध्ये असा प्रश्नच विचारत नाहीत. वंशाच्या आधारे अशी आकडेवारी गोळा करणं घटनेत बसत नाही, असं कायदे घटनेत बसतात का ते तपासणाऱ्या तिथल्या घटनापरिषदेने २००७ मध्ये सांगितलं. तिथले संशोधक आईवडिलांचा जन्म कुठे झाला यावरून अंदाज बांधतात, आणि त्या चाळणीतून तिसरी पिढी निसटून जाते. दोन्ही देशांसाठी तुमच्या फाइलीत ‘वंश’ नावाचा एकच स्तंभ केलात, की जे अभ्यासायचं तेच पुसलंत. अशा वेळी मी तुलना मोजमापाची न करता मोजण्याच्या पद्धतीची करतो: कोणी, केव्हा, कोणाच्या दबावाखाली हे पर्याय ठरवले? हा भाग वाचकांनाही आवडतो, निदान झोप तरी येत नाही.

आणि मतं विचारणार असाल तर जास्तच सांभाळा. गॅरी किंग आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवलेला चीन-मेक्सिकोचा दाखला मी प्रत्येक तुकडीला देतो. सरकारी निर्णयांत तुमचं किती चालतं, असं थेट विचारलं तर चिनी उत्तरदात्यांनी स्वतःला मेक्सिकोतल्या लोकांपेक्षा वरचे गुण दिले. मग त्याच लोकांना काल्पनिक माणसांचे छोटे प्रसंग वाचून दाखवले. कोणी पाण्याच्या तक्रारीसाठी निवडणुकीत मत देऊन बदल घडवू पाहतो, कोणी निमूट सोसतो, वगैरे. त्यांनाही गुण द्यायला सांगितलं. तेव्हा कळलं की दोन्हीकडे ‘बऱ्यापैकी’ या शब्दाची उंचीच वेगळी आहे. त्या प्रसंगांच्या मापाने मोजल्यावर क्रम उलटला. ‘दहा पायऱ्यांच्या शिडीवर तुम्ही कुठे’ या प्रश्नाचीही हीच गत. बहुतेक समाजांत लोक स्वतःला मधल्या पायऱ्यांवरच बसवतात.

रिग्रेशनबद्दल दोनच वाक्यं. या आकड्यांमागच्या सर्वेक्षणांत कितीही उत्तरदाते असले तरी देशपातळीवरच्या घटकांसाठी तुमच्याकडे फक्त तीस निरीक्षणं आहेत, आणि त्यांवर सहा-सात घटक लादले की दोन देश काढले-घातले तरी चिन्हं बदलतात. करून बघा: एकेक देश वगळून तीस वेळा चालवा आणि जो घटक टिकेल त्याबद्दलच बोला.

आता तुमच्या शीर्षकातल्या शब्दाकडे. समाजशास्त्राने फार काळ समाज म्हणजे देश असं गृहीत धरलं. देश म्हणजे झाकण लावलेला डबा, आणि विषमता म्हणजे डब्यातल्या डब्यात कोण वर, कोण खाली. या सवयीला ‘पद्धतीशास्त्रीय राष्ट्रवाद’ म्हणतात. शब्द हर्मिनिओ मार्टिन्स यांनी १९७४ मध्ये वापरला, उल्रिक बेक यांनी तो गाजवला आणि अँड्रियास विमर व निना ग्लिक शिलर यांनी २००२ मध्ये त्याची व्यवस्थित चिरफाड केली. नाव बोजड आहे, पण त्यामागची तक्रार साधी आहे. माणसाच्या वाट्याला काय येणार यातला मोठा भाग डब्यातल्या जागेवर नाही, कुठल्या डब्यात जन्मला यावर ठरतो. मिलानोविच यांच्या हिशेबात जगातल्या माणसांच्या उत्पन्नातल्या फरकांपैकी निम्म्याहून अधिक फरकाचा उलगडा केवळ राहण्याचा देश आणि त्या देशातली उत्पन्नाची वाटणी या दोन गोष्टींतून होतो.

यावर हमखास येणारी शंका: श्रीमंत देशात जाणारे मुळातच हुशार, धडपडे असतात, सीमेचं श्रेय कशाला? शंका रास्त आहे आणि तिचं उत्तर टोंगा या प्रशांत महासागरातल्या बेटांच्या देशाने दिलं. न्यूझीलंड तिथल्या ठरावीक लोकांना दरवर्षी स्थायिक व्हायला घेतं आणि अर्ज जास्त असल्याने चिठ्ठ्या टाकतं. जॉन गिब्सन, डेव्हिड मॅकेन्झी आणि स्टीव्हन स्टिलमन यांनी चिठ्ठी निघालेले आणि न निघालेले, अशा दोन्ही गटांना गाठलं. दोघांचीही जायची इच्छा सारखी, तयारी सारखी. फरक फक्त नशिबाचा. जाणाऱ्यांचं उत्पन्न पहिल्या वर्षातच २६३ टक्क्यांनी वाढलेलं निघालं. तीच माणसं, तेच हात, तेच शिक्षण. या एका आकड्याने मला सीमेकडे बघायला शिकवलं. तोवर सीमा म्हणजे माझ्या फाइलीत दोन देशांच्या मधली कोरी ओळ होती.

आता तुमच्या डेटात ही सीमा ओलांडणारी माणसं कुठे आहेत ते शोधा. मी सांगतो, बरीचशी कुठेच नाहीत. सर्वेक्षक दारात येतो आणि विचारतो, ‘या घरात राहणाऱ्या सगळ्यांची नावं सांगा.’ घर सोडून परदेशी कामाला गेलेली सून सहा महिन्यांहून जास्त काळ बाहेर असेल, तर बहुतेक नियमांप्रमाणे तिचं नाव यादीत येत नाही. ती पाठवते ते पैसे मात्र ‘इतर उत्पन्न’ म्हणून येतात. ती जिथे गेली तिथेही सर्वेक्षक हिंडतोच. पण ती मालकाच्या घरातल्या मागच्या खोलीत राहते, किंवा कामगारांच्या वसतिगृहात. घरोघरच्या सर्वेक्षणांच्या नमुन्यातून अशी सामूहिक निवासस्थानं सहसा वगळलेली असतात, आणि मालकीण तिला ‘कुटुंबातली’ म्हणून सांगतेच असं नाही. कागदपत्रं नसतील तर ती स्वतःच दार उघडत नाही. म्हणजे जिच्या अंगावर दोन देशांमधली विषमता सर्वांत स्पष्ट उमटलेली आहे, ती बाई दोन्ही देशांच्या जिनीतून गायब.

हैतीचं बघा. लँट प्रिचेट आणि मायकेल क्लेमेन्स यांनी माणसं राहण्याच्या देशाऐवजी जन्माच्या देशाप्रमाणे मोजली. रोज दोन डॉलरच्या रेषेच्या वर असलेल्या, म्हणजे त्या मापाने गरीब नसलेल्या हैतीत जन्मलेल्यांपैकी २६ टक्के अमेरिकेत राहत होते. ‘हैतीने गरिबी किती घटवली’ या नेहमीच्या प्रश्नात हे लोक धरलेच जात नाहीत, कारण गरिबीतून बाहेर पडण्यासाठी त्यांनी हैती सोडलं होतं.

संख्येने हे एवढंच दिसतं. पुढचं बघायला दोन्ही टोकांना जाऊन बसावं लागतं. रासेल पारेन्यास यांनी रोम आणि लॉस एंजलिसमधल्या फिलिपिनो घरकामगार बायकांचा अभ्यास केला. त्यात तीन पायऱ्या दिसतात: श्रीमंत देशातली नोकरदार बाई आपल्या मुलांचं बघायला परदेशी बाई ठेवते, ती बाई आपल्या मागे राहिलेल्या मुलांसाठी गावाकडे आणखी कमी पगारावर तिसरी बाई ठेवते, आणि त्या तिसरीच्या मुलांचं बघायला पगारी माणूस कोणीच नसतं. ही साखळी कुठल्याही एका देशाच्या सर्वेक्षणात अखंड सापडणार नाही. आर्ली हॉकशील्ड यांनी तिला ‘जागतिक काळजीसाखळी’ म्हटलं. बोरिस नीसवांड यांना जर्मनीतल्या घानाच्या स्थलांतरितांत आणखी एक गोष्ट दिसली: युरोपात खालच्या पायरीचं काम करून साठवलेल्या पैशातून मायदेशी वरच्या पायरीचं घर बांधलं जातं. मग हा माणूस कुठल्या वर्गातला? दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही खरी आहेत, कारण तो दोन शिड्यांवर एकाच वेळी उभा आहे. एका बाजूला बसून बघणाऱ्याला त्यातली एकच दिसते. मी एकदा अशा एका कुटुंबाच्या दोन्ही टोकांना मुलाखती घेतल्या. परदेशातल्या मुलाने खोलीचं भाडं, उधारी, पाठीचं दुखणं सांगितलं आणि ‘घरी यातलं बोलू नका’ म्हणून बजावलं. गावाकडे वडील मला नव्या मजल्यावर घेऊन गेले आणि म्हणाले, साहेबाची खोली आहे. ती वर्षभर बंदच होती, पलंगावरचं प्लास्टिक काढलेलं नव्हतं. त्या दिवशीच्या टिपणवहीत मी वर्गाच्या रकान्यात काहीच लिहू शकलो नाही, तो अजून रिकामा आहे.

आणि शिडीच्या वरच्या टोकाला माणसाऐवजी पैसा निसटतो. घरोघरच्या सर्वेक्षणांत अतिश्रीमंत सापडत नाहीत, सापडले तर दार उघडत नाहीत, म्हणून करनोंदी वापरायची पद्धत पडली. पण करनोंदही देशाच्याच डब्यातली. अ‍ॅनेट आल्स्टाडसेटर, नील्स योहानेसेन आणि गाब्रिएल झुकमान यांच्या अंदाजाप्रमाणे जगाच्या एकूण उत्पादनाच्या १० टक्क्यांएवढी संपत्ती करमुक्त आसऱ्यांत ठेवलेली आहे. सरासरीच्या पोटात फरक प्रचंड: स्कँडिनेव्हियात काही मोजके टक्के, युरोपच्या मुख्य भूमीवर १५ च्या आसपास, आखाती देश आणि लॅटिन अमेरिकेतल्या काही अर्थव्यवस्थांत सुमारे ६०. म्हणजे तुमच्या तीस देशांच्या जिनीतली चूकही सगळीकडे सारखी नाही. जिथून पैसा जास्त पळतो ते देश तुमच्या तक्त्यात आहेत त्यापेक्षा समान दिसतील आणि रिग्रेशन त्यालाच ‘परिणाम’ म्हणेल. खालून मजूर आणि वरून पैसा, दोन्ही सीमेवरच डेटातून बाहेर पडतात. तुमचा विषय तिथे आहे.

तर आता काय करायचं? तीस देश सोडा. टाकून देऊ नका, पहिल्या प्रकरणात पार्श्वभूमी म्हणून राहू द्या, वर सांगितलेल्या तीन स्तंभांसकट. मुख्य कामासाठी माणसांची आणि पैशांची खरी ये-जा असलेली देशांची एकच जोडी निवडा, आणि त्या जोडीत एकच धंदा: परिचारिका, बांधकाम मजूर, जहाजावरचे खलाशी, घरकामगार, काहीही. एक धंदा धरला की व्यवसायाच्या सांकेतांकांची निम्मी डोकेदुखी जाते आणि उरते ती अभ्यासायच्या लायकीची: एका बाजूची पदवी दुसऱ्या बाजूला कितीला चालते, कुठल्या परवान्यासाठी किती वर्षं थांबावं लागतं, तोवर माणूस काय करून पोट भरतो. परवान्याचे नियम, व्हिसाचे प्रकार, मालक बदलायची मुभा आहे की नाही, हे सगळं लेखी मिळतं. ते वाचायचा कंटाळा करू नका. मला तर त्यांतच विषमतेचं यंत्र सर्वांत उघडं दिसतं.

दुसऱ्या टोकाला तिथलाच सहकारी शोधा, भाषा येणारा आणि तुमच्याशी वाद घालणारा. प्रश्नावली एकाकडून भाषांतरित करून दुसऱ्याकडून उलट फिरवून घ्यायची प्रथा आहे, तीही पाळा. पण ‘मध्यमवर्ग’ किंवा ‘घर’ या शब्दांचं काय होतं ते भाषांतरातून कळत नाही. त्यासाठी दोघांनी शेजारी बसून चार मुलाखती ऐकाव्या लागतात.

लगेच सुरुवात करायची असेल तर घरातल्या माणसांच्या यादीपासून करा. ‘इथे कोण राहतं’ याच्या जोडीला आणखी तीन प्रश्न ठेवा: या घराचा खर्च कोण चालवतं, ते कुठेही असो, या घराच्या खर्चावर दुसरीकडे कोण जगतं, आणि घरातली मोठी गोष्ट, म्हणजे लग्न, जमीन, शस्त्रक्रिया, कोणाला फोन करून ठरते. एकाच कुटुंबाला हे प्रश्न दोन्ही देशांत स्वतंत्रपणे विचारा आणि दोन याद्या शेजारी ठेवा. जी नावं एकाच यादीत येतील ती वेगळ्या कागदावर उतरवा आणि तो कागद घेऊन मार्गदर्शकांकडे जा.